अंदमानातील एकल पर्यटन

अंदमानातील एकल पर्यटन म्हणजे कुटुंब, मित्रमंडळी किंवा सहल-संस्थेचा गट सोबत न घेता एकाच व्यक्तीने अंदमान बेटांवर केलेला सुट्टीतील प्रवास होय. बोलीभाषेत यास ‘सोलो ट्रिप’ असेही म्हटले जाते. उष्ण कटिबंधातील बेटांवर एकट्याने सुट्टी घालवण्याची पद्धत जगभर रूढ असून भारतीय प्रवाशांसाठी अंदमान आणि लक्षद्वीप हे द्वीपसमूह त्यासाठी पारपत्राविना उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात अंदमानच्या प्रवासाचा विचार प्रामुख्याने सातारा व सांगली या दक्षिण महाराष्ट्रातील जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे. या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे तेथील प्रवाशाला अंतर, ऋतू, भरती-ओहोटी आणि बेटांवरील कायदे या चारही बाबतींत नव्याने माहिती करून घ्यावी लागते.

व्याख्या व स्वरूप

एकल पर्यटन आणि एकांतवास या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकल पर्यटक निवास, भोजन व जलप्रवास यांसाठी इतरांवर अवलंबून असतो. केवळ प्रवासाचे निर्णय आणि त्यांची जबाबदारी त्याची एकट्याची असते. गटाने केलेल्या सहलीत तिकिटे, बोटींच्या वेळा, आजारपण आणि सामानाची राखण ही कामे वाटली जातात. एकट्याच्या प्रवासात ती एकाच व्यक्तीवर पडतात. बेटावर या गोष्टीचे महत्त्व अधिक वाढते, कारण मुख्य भूमीवर चुकलेल्या गाडीला बहुधा दुसरी गाडी असते, तर बेटावर चुकलेल्या बोटीला त्या दिवशी दुसरी बोट असेलच असे नाही.

महाराष्ट्रात प्रवासाची परंपरा मुख्यतः समूहाची आहे. वारी, यात्रा, देवदर्शनाच्या सहली आणि शाळांच्या सहली ही तिची प्रचलित रूपे होत. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर, पाचगणी, कास व सज्जनगड आणि सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर, दंडोबा व चांदोली ही स्थळेही सहसा कुटुंबाने वा गटाने पाहिली जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मराठी समाजात अंदमानचे नाव दीर्घकाळ पर्यटनाशी नव्हे, तर शिक्षेशी जोडले गेले होते. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने १८५८ मध्ये तेथे बंदिवानांची वसाहत स्थापन केली. समुद्र ओलांडून नेण्याच्या या शिक्षेस ‘काळे पाणी’ म्हटले जाई. पुढे १८९६ ते १९०६ या काळात पोर्ट ब्लेअर येथे सेल्युलर जेल बांधण्यात आले. मध्यवर्ती मनोऱ्यापासून निघणाऱ्या सात शाखा आणि त्यांत प्रत्येक कैद्यासाठी स्वतंत्र कोठडी, अशी त्याची रचना होती. एका शाखेचा दर्शनी भाग दुसऱ्या शाखेच्या पाठीमागील भिंतीसमोर येत असल्याने कैद्यांना एकमेकांची तोंडे दिसत नसत. एकटेपणा हाच येथे शिक्षेचा मुख्य भाग होता.

विनायक दामोदर सावरकर हे १९११ ते १९२१ या काळात या तुरुंगात होते. त्या अनुभवांवर त्यांनी ‘माझी जन्मठेप’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे ज्येष्ठ बंधू गणेश ऊर्फ बाबाराव सावरकर यांनीही तेथे जन्मठेपेची शिक्षा भोगली. बाबारावांचे निधन १९४५ मध्ये सांगली येथे झाले. त्यामुळे सांगलीचा अंदमानच्या इतिहासाशी थेट संबंध येतो. सेल्युलर जेलच्या सातपैकी तीन शाखा आज उभ्या असून १९७९ मध्ये ही वास्तू राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित करण्यात आली. महाराष्ट्रातून येणारे बहुतेक पर्यटक आपल्या प्रवासाची सुरुवात याच स्मारकापासून करतात.

भूगोल व स्थाननामे

अंदमान व निकोबार हा बंगालच्या उपसागरातील केंद्रशासित प्रदेश असून त्याचे क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर आहे. त्यात लहानमोठी बेटे व खडक मिळून आठशेहून अधिक भूभाग मोजले जातात. त्यांपैकी तीसेक बेटांवरच मनुष्यवस्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार प्रदेशाची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार होती. अंदमान आणि निकोबार हे दोन गट दहा अंश खाडीने विभागले आहेत. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येस असलेले बॅरन बेट हे भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखीचे स्थान आहे.

प्रवाशाने नावांतील बदल ध्यानात घेणे आवश्यक आहे. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉक बेटास स्वराज द्वीप, नील बेटास शहीद द्वीप आणि रॉस बेटास नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप अशी नावे देण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नामांतर श्री विजयपुरम असे करण्यात आले. तिकिटे, नकाशे आणि स्थानिकांच्या बोलण्यात जुनी व नवी अशी दोन्ही नावे आढळतात.

सांगली सुमारे ७४.६ अंश पूर्व रेखांशावर, तर पोर्ट ब्लेअर सुमारे ९२.७ अंश पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. या हिशेबाने १८ अंशांच्या फरकामुळे अंदमानात सूर्य सांगली-साताऱ्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि साधारण तितकाच आधी मावळतो. दोन्ही ठिकाणी घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेचेच असते. हिवाळ्यात सायंकाळी साडेपाचच्या सुमारास तेथे अंधार पडू लागतो. एकट्या प्रवाशाने समुद्रस्नान, जंगलवाट आणि दुचाकीचा परतीचा प्रवास यांचे वेळापत्रक त्यानुसार पहाटे लवकर सुरू होणारे ठेवणे इष्ट ठरते.

हवामान व योग्य काळ

अंदमानचे हवामान उष्ण व दमट असून तेथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. नैर्ऋत्य मोसमी वारे मे महिन्याच्या उत्तरार्धात प्रथम अंदमानात पोहोचतात आणि त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी दक्षिण महाराष्ट्रात दाखल होतात. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी सातारा-सांगलीतील शेतकऱ्यांसाठी पेरणीच्या तयारीची खूण असते; पर्यटकासाठी मात्र तीच बातमी अंदमानातील हंगाम संपल्याची सूचना असते.

महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांच्या सुट्ट्या आणि बेटांवरील ऋतू यांचा मेळ पूर्णपणे बसत नाही. उन्हाळी सुट्टीचा उत्तरार्ध मोसमी पावसात सापडतो. दिवाळीच्या सुट्टीचा काळ तुलनेने अनुकूल असला, तरी ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचाही काळ असतो. डिसेंबर २०१६ मध्ये पुढे ‘वरदा’ चक्रीवादळात रूपांतर झालेल्या कमी दाबाच्या क्षेत्रामुळे बोटसेवा बंद पडली आणि हॅवलॉक व नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले. नौदल व तटरक्षक दलाच्या साहाय्याने त्यांना पोर्ट ब्लेअरला आणावे लागले. समुद्र शांत आणि पाणी नितळ असण्याची शक्यता जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत सर्वाधिक असते.

सातारा व सांगलीहून प्रवास

सांगली ते पोर्ट ब्लेअर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे २,००० किलोमीटर भरते. सातारा व सांगली या दोन्ही शहरांतून प्रवासी विमानसेवा उपलब्ध नाही. सातारकरांना पुणे, तर सांगलीकरांना कोल्हापूर अथवा पुणे येथील विमानतळ सोयीचा पडतो. पुढील विमान सहसा चेन्नई, बंगळूर, हैदराबाद किंवा कोलकाता येथे बदलावे लागते. मिरज जंक्शनवरून बेळगाव-हुबळीमार्गे बंगळूरकडे रेल्वेनेही जाता येते. विमान पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळावर उतरते. तेथील नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन जुलै २०२३ मध्ये झाले.

जलमार्गाने चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम येथून शासकीय प्रवासी जहाजे जातात. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे सागरी अंतर सुमारे १,१९० किलोमीटर असून या प्रवासास साधारण तीन दिवस लागतात. जहाजांचे वेळापत्रक अनियमित असल्याने मोजक्या दिवसांच्या सुट्टीसाठी हा मार्ग सोयीचा नसतो.

पोर्ट ब्लेअरहून स्वराज द्वीप व शहीद द्वीप येथे जाण्यासाठी शासकीय बोटी आणि खासगी जलद बोटी उपलब्ध असतात. बोटीच्या प्रकारानुसार या प्रवासास दीड ते अडीच तास लागतात. खवळलेल्या समुद्रामुळे फेऱ्या रद्द होण्याची शक्यता गृहीत धरून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला पोहोचण्याचा प्रघात आहे. गटात अडकलेला प्रवासी खर्च व अडचण वाटून घेऊ शकतो. एकट्यासाठी हा राखीव दिवस अधिक महत्त्वाचा ठरतो.

परवाने व प्रतिबंधित क्षेत्रे

भारतीय नागरिकांना पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीप, शहीद द्वीप यांसारख्या पर्यटनस्थळी जाण्यासाठी परवाना लागत नाही. छायाचित्र असलेले ओळखपत्र पुरेसे असते. निकोबार बेटे व आदिवासी राखीव क्षेत्रे यांस मात्र स्वतंत्र निर्बंध लागू आहेत. याउलट लक्षद्वीपमध्ये प्रवेश करण्यासाठी बाहेरील भारतीय नागरिकांनाही परवाना घ्यावा लागतो. तेथील ३६ बेटांपैकी १० बेटांवर वस्ती असून प्रवास मुख्यतः कोचीमार्गे होतो.

अंदमान व निकोबार द्वीपसमूह (आदिम जमातींचे संरक्षण) विनियम, १९५६ अन्वये जारवा, सेंटिनली, ओंगी आदी जमातींच्या क्षेत्रांत विनापरवाना प्रवेश करणे हा गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद आहे. या निर्बंधामागील मुख्य कारण रोगप्रतिकाराचे आहे. बाहेरच्या जगापासून अलग राहिलेल्या समाजांच्या शरीरात सर्वसामान्य संसर्गांविरुद्धची प्रतिकारशक्ती विकसित झालेली नसते. १८५८ नंतरच्या वसाहतीच्या काळात ग्रेट अंदमानी जमातीची संख्या प्रामुख्याने बाहेरून आलेल्या रोगांमुळे काही हजारांवरून काही डझनांपर्यंत घटली. जारवांनी बाह्य समाजाशी संपर्क सुरू केल्यावर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली होती.

बाराटांग येथील चुनखडीच्या गुहांकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा राखीव क्षेत्रातून जातो. तेथे वाहनांना ठरावीक वेळी, ताफ्यानेच सोडले जाते. वाटेत थांबणे, जारवांची छायाचित्रे घेणे व त्यांना खाद्यपदार्थ देणे यांस मनाई आहे. आदिवासींना प्रेक्षणीय वस्तू मानणाऱ्या या पर्यटनावर दीर्घकाळ टीका होत आली आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक अमेरिकन तरुण बेकायदेशीरपणे उत्तर सेंटिनल बेटावर गेला असता तेथील रहिवाशांकडून मारला गेला. २०२५ मध्ये त्याच बेटावर उतरलेल्या आणखी एका अमेरिकन व्यक्तीस अटक झाली. ‘निर्जन’ वा ‘अस्पर्शित’ बेटाचा शोध ही कल्पना अशा प्रकारे प्रवाशाच्या आणि त्याहून अधिक तेथील समाजाच्या जिवावर बेतू शकते.

नदी आणि समुद्र

सातारा व सांगली जिल्ह्यांत पोहणे बहुधा कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांत अथवा विहिरीत शिकले जाते. नदीत पोहण्याचे कौशल्य समुद्रात उपयुक्त असले, तरी पुरेसे नसते. नदीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो व त्याची दिशा डोळ्यांना दिसते. समुद्रात साधारण दर सहा तासांनी भरती व ओहोटी आलटून पालटून येतात. सकाळी कमरेइतके पाणी असलेल्या जागी दुपारी प्रवाळखडक उघडे पडू शकतात. उलट ओहोटीत चालत गाठलेला खडक भरतीत पाण्याने वेढला जातो.

किनाऱ्यावर आदळलेल्या लाटांचे पाणी अरुंद पट्ट्यातून वेगाने समुद्राकडे परतते, त्यास परतीचा प्रवाह म्हणतात. वरून हा पट्टा शेजारच्या पाण्यापेक्षा शांत दिसत असल्यामुळे नवख्या व्यक्तीस तो सुरक्षित वाटतो. त्यात सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न केल्याने दमछाक होते. अशा वेळी किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडणे आणि मग किनाऱ्याकडे वळणे, हा योग्य उपाय होय. एकट्या पर्यटकाने जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उतरणे टाळावे, असे सर्वसाधारण मत आहे.

अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरींचाही वावर आहे. २०१० मध्ये हॅवलॉक बेटावर राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. खाड्या, कांदळवने व नदीमुखे यांजवळ लावलेले धोक्याचे फलक त्यामुळे गांभीर्याने घ्यावे लागतात.

बोटीतील गर्दी हा आणखी एक धोका आहे. २६ जानेवारी २०१४ रोजी रॉस बेटाजवळ क्षमतेपेक्षा अधिक प्रवासी घेतलेली पर्यटक बोट बुडून वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून डझनाहून अधिक लोक बुडाले. त्या बोटीतही क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. एक घटना समुद्रातील व सहलीची, दुसरी नदीतील व संकटकाळातील असली, तरी दोहोंचे कारण सारखेच आहे. जीवरक्षक जाकीट अंगात बांधल्याशिवाय बोटीत न बसणे आणि गर्दीची बोट सोडून देणे, हे दोन निर्णय एकट्या प्रवाशाला स्वतःच घ्यावे लागतात. सागरी आपत्तीत तटरक्षक दलाचा १५५४ हा, तर अन्य आपत्तीत ११२ हा क्रमांक उपलब्ध आहे.

पाण्याखालील पर्यटन

स्वराज द्वीप हे भारतातील पाणबुडी-क्रीडेचे, म्हणजेच स्कूबा डायव्हिंगचे, प्रमुख केंद्र आहे. या क्रीडेत एकट्याने बुडी मारली जात नाही. प्रत्येक पाणबुड्याला जोडीदार असावा, हा तिचा मूलभूत नियम आहे. एकट्या पर्यटकाची जोडी प्रशिक्षकाशी वा अन्य पाणबुड्याशी लावली जाते. पोहता न येणाऱ्या व्यक्तीसही प्रशिक्षकासोबत उथळ पाण्यात प्राथमिक अनुभव घेता येतो. स्वतंत्र प्रमाणपत्राचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केल्यास १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते.

खोल पाण्यातील दाबामुळे श्वासातील नायट्रोजन रक्त व ऊतींत विरघळतो. बुडीनंतर लगेच विमानप्रवास केल्यास हवेचा दाब घटून त्याचे बुडबुडे तयार होऊ शकतात व सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवू शकतात. म्हणून शेवटची बुडी आणि विमान यांत किमान १८ ते २४ तासांचे अंतर ठेवले जाते. दमा, हृदयविकार किंवा कानाचा विकार असल्यास तो प्रशिक्षकापासून लपवणे धोक्याचे असते.

खर्चाचे स्वरूप

एकल पर्यटनात एकूण खर्च कमी वाटला, तरी दरमाणशी खर्च बहुधा वाढतो. हॉटेलची खोली, भाड्याची मोटार व संपूर्ण बोट यांचे दर माणसांवर नव्हे, तर नगावर आकारले जातात. सहल-संस्थांचे जाहीर दरही सहसा दोघांनी एक खोली वापरण्याच्या हिशेबाने दिलेले असतात. बोटीचे तिकीट, भोजन व स्कूबा हे खर्च मात्र माणशी असल्याने त्यांत फरक पडत नाही. सामायिक खोल्यांची वसतिगृहे, सार्वजनिक बस, शासकीय बोट आणि भाड्याची दुचाकी यांमुळे हा खर्च आटोक्यात राहतो. दुचाकीसाठी वाहन परवाना व शिरस्त्राण आवश्यक असते.

चेन्नईपासून अंदमानपर्यंत टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची सागरी केबल ऑगस्ट २०२० मध्ये कार्यान्वित झाली व बेटांवरील दूरसंचार सेवा सुधारली. तरीही लहान बेटांवर संपर्क व एटीएम यांची खात्री देता येत नसल्याने काही रोख रक्कम जवळ ठेवली जाते.

महिला व एकल पर्यटन

एकट्याने प्रवास करणाऱ्या महिलांना सुरक्षिततेखेरीज कुटुंबाची संमती आणि सामाजिक प्रश्नार्थक दृष्टी यांनाही सामोरे जावे लागते. ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न एकट्या पुरुषालाही विचारला जातो, परंतु महिलेस तो संमतीची अट म्हणून विचारला जातो. प्रवासाचा आराखडा, निवासाचा पत्ता व बोटीच्या वेळा घरी कळवून ठेवणे, रोज ठरलेल्या वेळी संपर्क साधणे आणि अंधार पडण्यापूर्वी निवासस्थानी परतणे ही पथ्ये स्त्री-पुरुष दोघांनाही उपयुक्त आहेत. संपर्क होण्याची वेळ ठरलेली असेल, तर प्रवासी हरवल्याचे लवकर लक्षात येते व शोधकार्य वेळेत सुरू होऊ शकते.

पर्यावरण

अंदमानातील प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. प्रवाळ, जिवंत वा मृत, उचलणे व सोबत नेणे हा गुन्हा असून अनेक प्रकारच्या शंखांनाही हे संरक्षण लागू आहे. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. समुद्राचे तापमान वाढल्याने २०१० मध्ये अंदमानातील प्रवाळांचे मोठ्या प्रमाणावर विरंजन झाले. प्रवाळावर पाय ठेवल्यानेही त्याचे सजीव तुटतात व त्यांच्या वाढीस अनेक वर्षे लागतात. बेटांवर गोडे पाणी मर्यादित असून ते मुख्यतः पावसावर अवलंबून असते. दुष्काळी आटपाडी, जत किंवा माण-खटाव भागांतून आलेल्या प्रवाशास चोहीकडे पाणी असूनही पिण्याच्या पाण्याची टंचाई असण्याची ही स्थिती सहज समजू शकते.

हेसुद्धा पाहा

सेल्युलर जेल
स्वराज द्वीप
लक्षद्वीप
जारवा
माझी जन्मठेप